मस्टाव मास्तर

उजवा हात कपाळाशी गेला की समजायचं, गोष्ट घडलीच असणार. हात छातीशी थांबला की घडली असेल, नसेलही. आणि हात गुडघ्यापाशी जाऊन माशी हाकलल्यासारखा झटकला की ती घडली असणं शक्यच नाही. आमच्या चिखलीच्या इंग्रजी शाळेतल्या मास्तरांनी ही तीन मजली इमारत स्वतःच्या अंगावरच बांधली होती. वरच्या मजल्यावर ‘मस्ट हॅव’, मधल्यावर ‘माइट हॅव’ आणि तळघरात ‘कान्ट हॅव’. होऊन गेलेल्या आणि आपण न पाहिलेल्या गोष्टीचा इंग्रज माणूस अंदाज कसा बांधतो, हे शिकवायला त्यांना पुस्तक लागत नसे, फळा लागत नसे. एक धडधाकट हात पुरे.

तुम्ही म्हणाल, वर्गात ठीक आहे, पण बाहेर? बाहेरही तेच. पाणक्या उशिरा आला की मास्तर दारात उभे राहून हात कपाळाशी नेत, “बैल मस्ट हॅव अडला.” पाणक्या आल्यावर “सासू आली व्हती” म्हणाला की मास्तर खूश. “बघा, हे मला सुचलंच नव्हतं! सासू माइट हॅव!” स्वतःचा अंदाज चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी वऱ्हाडात दुसरा पाहिला नाही. आम्हां बाकीच्यांना चूक दाखवली की लाठी आठवते.

मी त्या शाळेत ड्रिलमास्तर. माझी शिट्टी चिखलीत वाजली की धाडच्या बाजारातले बैल पाय बदलून चालायला लागत, असं धाडचे लोकच सांगतात, मी नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेला होता. हुकूम नागपुराहून तरणाबांड निघायचा आणि चिखलीला पोचेपर्यंत त्याच्या दाढीचे केस पिकायचे. अशाच एका पिकलेल्या हुकुमाने हे मास्तर पुण्याकडून आमच्याकडे आले, एका वर्षासाठी. शाळेच्या मागच्या खोलीत माझी एक खाट होती, दुसरी त्यांची पडली. वर्ष संपलं. दुसरं संपलं. मग आम्ही मोजणं सोडलं.

त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा ऐका. बाजार उठल्यावर रस्त्यात एकटी पडलेली चप्पल त्यांनी उचलून वर्गात आणली आणि टेबलावर ठेवली. “हिचं काय झालं असेल? बोला.” पोरं इंग्रजीत तुटून पडली. कुत्र्याने नेली असणार. मालक पळाला असणार. मालकाला एकच पाय असेल. मालक चोर असणं शक्य नाही, कारण चोर दोन्ही चपला हातात घेऊन पळतो. प्रत्येक वाक्याला मास्तरांचा हात वर-खाली नाचत होता, आणि वाक्य नीट बसलं की ते टाळी देऊन म्हणत, “गुड!” त्या एका चपलेवर तास गेला. माझ्या ड्रिलचाही गेला. चपलेचा मालक खिडकीशी येऊन हात जोडून उभा होता, त्यालाही त्यांनी शेवटपर्यंत बोलू दिलं नाही.

एकदा मेहकरच्या रस्त्यावर जोंधळ्याची गाडी उलटली होती. मास्तरांनी अख्खा वर्ग तिथे नेला. पोरं वाक्यं करायला लागली, गाडीवानाला झोप लागली असणार. तेवढ्यात लिंबाखालून गाडीवान ताडकन उठला.

“काय म्हनून राह्यले बे हे पोट्टे? मी झोपलो नव्हतो!”

त्याची बायको सांडलेले दाणे पदरात भरत होती. मान वर न करता म्हणाली, “झोपलाच व्हता. घोरे बी.”

मास्तरांनी तिला वाकून नमस्कार केला. “बाई, तुम्ही पाहिलंत. तुमच्यापुढे आमचं व्याकरण संपलं.”

हे त्यांचं खरं वेड होतं. खोलीवर एकदा मी विचारलं, “एवढं काय आहे हो त्या मस्टात?” तर गंभीर झाले. म्हणाले, “घडून गेलेल्या गोष्टीपुढे माणसाने जरा टोपी काढून उभं राहावं. आपण तिथे नव्हतो, हे आधी मान्य करावं. मग काय ते बोलावं.” मी मान डोलावली. मला एवढंच कळलं, की हा माणूस आमच्या गावात टिकायचा नाही. आमच्याकडे जो तिथे नव्हता तोच सगळ्यांत खात्रीने सांगतो. मीही त्यातलाच.

पण गाव मोठं वस्ताद. त्यांचा खेळ गावाने उचलला आणि त्याचं शास्त्र करून टाकलं. कुणाची म्हैस हरवली, मास्तरांनी हात छातीशी नेऊन म्हटलं, “नाल्याकडे गेली असेल बुवा,” आणि उन्हाळ्याच्या दिवसांत म्हैस नाल्याकडे नाही तर काय कचेरीत जाणार? सापडली. झालं! मास्तर सांगतात ते खरं होतं. पार बीबी गावाहून लोक हरवलेले बैल विचारायला येऊ लागले. बाजारात बायांना इंग्रजी आलं. गिऱ्हाइकाने विचारावं, “वांगी कालची हायत काय वं?” की माळीण गुडघ्यावर हात झटकून म्हणे, “कांटाव!” नवरा उशिरा घरी आला की बायको कपाळाला हात लावून विचारी, “मस्टाव?” आणि नवरा गप्प जेवायला बसे. गावाने हात पक्का पकडला. हातामागचं टोपी काढणं मात्र कुणी पकडलं नाही.

“अहो, हा वाक्यांचा खेळ आहे,” मास्तर कळवळून सांगत. लोक कौतुकाने हसत. मोठ्या माणसाने नम्र असावंच, असं हसत.

नावाजलेला माणूस अडकतो, राजेहो. मास्तरांची बायको आणि लहान मुलगी तिकडे पुण्याकडे. म्हाताऱ्या आईला आमचं ऊन झेपेना, म्हणून सगळी तिकडेच राहिलेली. सुटीत मास्तर जाऊन आले की दोन दिवस बोलत नसत. एकदा म्हणाले, “मुलगी मला ‘ते’ म्हणते हो. आईला विचारते, ते कधी जाणार?” मग एका वर्षी त्यांच्या गावाजवळच्या शाळेत जागा निघाली. तिकडच्या हेडमास्तरांचा निरोप आला, की दिवाळीआधी या, फक्त चालचलणुकीचा दाखला घेऊन या.

दाखला द्यायचा कुणी, तर आमच्या शाळेच्या चेअरमननी. ते जिनाचे मालक. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. गावात इंजिन त्यांचं, धूर त्यांचा आणि शाळाही त्यांचीच समजायची. मास्तर दाखला मागायला गेले, मी सोबत. चेअरमन झोपाळ्यावर पान लावत बसले होते.

“मास्तर, चांगला बैल कोनी विकते काय?” हसत म्हणाले. “तुमच्यापायी मागच्या तपासनीला साहेबानं माही पाठ थोपटली. अन् तुमी म्हनता जातो. काऊन जाता? इथं काय कमी हाय?”

“घर,” मास्तर म्हणाले.

“घर आना न इकडं!” चेअरमननी पान तोंडात टाकलं, आणि विषय थुंकीबरोबर संपला. मास्तर पुन्हा गेले. पुन्हा पान. त्या माणसाच्या तोंडात पान नसतानाचा मुहूर्त साधायला आम्ही पंचांग बघायचं बाकी ठेवलं होतं.

अशातच जिनाला आग लागली.

भर दुपारची वेळ. आवारात शेतकऱ्यांच्या कापसाची गंज पडली होती, सरकी काढायच्या पाळीची वाट बघत. ती पेटली. कापूस कसा जळतो ते पाहिलंय? ज्वाळा फारशी नसते, आत धुमसत जातो, आणि पांढरा ढीग बघता बघता काळ्या म्हशीसारखा बसतो. सगळं गाव घागरी घेऊन धावलं. मी शिट्टी फुंकून माणसांची रांग लावली. माझ्या शिट्टीच्या वाऱ्याने आग वाढली, असं काही जळाऊ लोक अजून म्हणतात. माणूस कुणी दगावलं नाही. पण पुष्कळांचं वर्षाचं पीक राख झालं आणि गावाच्या डोळ्यांत रक्त आलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा विषय निघणंच शक्य नव्हतं. कितीतरी पोरांच्या घरचा कापूस त्यात गेलेला. रडणाऱ्या पोरांना वाक्यं करायला लावली की ती शांत होतात, एवढाच मास्तरांचा हेतू. इंजिनाची ठिणगी उडाली असणार. कंदील, छे, दुपारी कंदील असणं शक्य नाही. मग चेअरमनचा पुतण्या उठला, आणि जन्मात पहिल्यांदा एकही चूक न करता त्याने इंग्रजीत म्हटलं, “रखवालदाराने बिडी ओढली असणार.”

मास्तरांचा हात सवयीने कपाळाशी गेला आणि तोंडातून निघालं, “गुड!”

वाक्य गुड होतं हो. कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर. एवढंच.

पुतण्या घरी गेला. “काका, मास्तर गुड म्हनले!” संध्याकाळ व्हायच्या आत जमादाराने जिनाच्या रखवालदाराला चौकीत नेऊन कोंडलं. तुळशीराम त्याचं नाव. उंच, हाडकुळा, हातात नेहमी काठी. आणि गंमत अशी, की तो बिडी ओढतच नसे. तंबाखू मळायचा. हे चिखलीतल्या कावळ्यांनाही माहीत होतं.

मास्तर चौकीकडे धावले. मी मागे.

“जमादारसाहेब, ते नुसतं वाक्य होतं. वाक्य बरोबर म्हणून मी गुड म्हटलं. गोष्ट बरोबर म्हणून नाही.”

जमादाराने त्यांना खुर्ची दिली. “मास्तर, म्हैस कोनी सांगतली?”

“ती योगायोगाने…”

“बीबीवाल्याचा बैल?”

“अहो, ऐका तरी…”

“तुमचा मस्टाव कधी खोटा झाला काय? तुमी कायजी नोका करू. तुमाले कोनी काही म्हननार नाही.”

कोठडीच्या गजांशी तुळशीराम बसला होता. बाहेर त्याची बायको भाकरी घेऊन. मास्तर गजांपुढे उकिडवे बसले. त्यांना माफी मागायची होती, पण आधी तुळशीरामच बोलला, हळूच, जमादाराला ऐकू जाऊ नये असा.

“गुरुजी, तुमी म्हनले म्हंजे मीच लावली असन काय बा? मले तं याद नाही. दुपारी माहा डोळा लागला व्हता घडीभर. झोपीत लावली असन काय?”

मास्तर गज धरून उठले. येताना वाटेत एकदम थांबले आणि मला म्हणाले, “ड्रिलमास्तर, तो माझ्यावर विश्वास ठेवतोय.” हे वाक्य ते अशा आवाजात बोलले, की जणू कुणीतरी विष घेतल्याचं सांगत आहेत.

त्याच आठवड्यात चेअरमननी आपणहून बोलावलं. झोपाळा थांबलेला आणि तोंडात पान नाही. मी मनात म्हटलं, आज मुहूर्त आहे.

“बुलढान्याहून साहेब दौऱ्यावर येऊन राह्यले. डाकबंगल्यात चौकशी हाय. गोरा पोरगा हाय, नवा, मराठी समजत नाही त्याले. तुमी इंग्रजीत सांगा, जे पोरायसमोर सांगतलं तेच. अन् तिकडून आले की दाखला घेऊन जा. मलकापूरपावतर माही गाडी तुमाले.”

“आणि इंजिनाची ठिणगी?” मास्तरांनी विचारलं.

चेअरमननी पानाचा डबा उघडला आणि पुन्हा मिटला. “माह्या इंजिनाची?” मग गोड हसले. “मास्तर, रखवालदारानं जाळला तं नशीब लोकायचं. इंजिनानं जाळला तं कापूस माह्याकडून मागतीन लोक. तुमी शिकेल माणूस, तुमाले काय सांगाव?”

खोलीवर आल्यावर मास्तरांनी ट्रंक काढली. कपडे घडी करून भरले, मुलीसाठी घेतलेलं बाहुलीचं चिमणं लाकडी बाजलं वर ठेवलं. मला वाटलं, ठरलं यांचं. मी त्यांना दोषही दिला नसता. मग त्यांनी सगळं पुन्हा बाहेर काढून खाटेवर मांडलं आणि बघत बसले. भरली ट्रंक बघून माणूस सुटल्यासारखा दिसतो म्हणतात. हा माणूस ट्रंकेत कोंडल्यासारखा दिसत होता.

चौकशीला सगळी चिखली लोटली. डाकबंगल्याच्या ओसरीवर साहेब, खाली आवारात गाव. लिंबाच्या झाडावर एवढी माणसं चढली होती, की झाडाला पुढच्या वर्षी लिंबोळ्या आल्या नाहीत. तुळशीराम दोन शिपायांमध्ये. मला मास्तरांच्या मागे ओसरीच्या पायरीवर जागा मिळाली. माझं इंग्रजी लेफ्ट, राइट आणि हॉल्ट एवढंच. पण इतकी वर्षं एका खोलीत काढली होती, झोपेतसुद्धा ते क्रियापदं चालवत. तेव्हा मला जे समजलं ते सांगतो.

साहेबाने विचारलं, तुम्ही असं म्हणालात का? मास्तर म्हणाले, म्हणालो, पण तो धडा होता. तेव्हा जमादार मध्ये घुसला आणि मोडक्या इंग्रजीत म्हैस सांगितली, बैल सांगितला. साहेबाने भुवया उंचावल्या. त्याला मजा वाटली. म्हणाला, तुमच्या अंदाजाची मी बुलढाण्यातही कीर्ती ऐकली. मग या माणसाबद्दल तुमचा अंदाज मी का मानू नये?

मास्तरांनी घाम पुसला. समोर तुळशीराम. बाजूला पहिल्या रांगेत चेअरमन, आणि त्यांच्या डगल्याच्या खिशातून दाखल्याचा घडी केलेला कागद दिसेल एवढा बाहेर ठेवलेला.

“साहेब,” मास्तर म्हणाले, “या रीतीने मी कुणालाही गुन्हेगार ठरवू शकतो. परवानगी असेल तर दाखवतो. मलाच घ्या.”

साहेब खुर्चीत पुढे सरकला.

आणि मास्तरांनी धडा सुरू केला. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत उत्तम तास मी त्या पायरीवर बसून ऐकला. ते म्हणाले, त्या दुपारी शाळेला अर्धी सुटी होती, मी मोकळा होतो. मी जिनाकडे गेलो असेन. हात छातीशी. माझ्याकडे काडेपेटी असते, कारण खोलीवर चहा मीच करतो. मालकांवर माझा राग आहे, ते मला घरी जाऊ देत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. रागावलेला माणूस काय करील? कापूस मीच जाळला असणार! आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्यांचा हात वर, थेट कपाळाशी गेला.

साहेबाचा टाक थांबला. “तुम्ही जाळलात?”

“नाही, साहेब. पण वाक्य चांगलं आहे. त्या माणसाविरुद्धचं वाक्यही एवढंच चांगलं आहे. याहून जास्त त्यात काही नाही.”

साहेब हसला. मग हसू पुसून त्याने जमादाराला विचारलं, बिडी ओढताना कुणी पाहिलं? कुणी नाही. बिडी सापडली? नाही. तुळशीरामाला तिथल्या तिथे सोडलं. मास्तरांशी साहेबाने हात मिळवला, आणि दौरा पुढे मेहकरला गेला.

मी उडी मारून उठलो. जिंकलो, राजेहो! आणि मागे वळून पाहिलं तर आवारात सगळं गाव दगडासारखं उभं.

गावाला इंग्रजी कुठे येत होतं? गावाला हात येत होता. गावाने पाहिलं, मास्तरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि हात कपाळाला लावला. मस्टाव. त्यांनीच शिकवलेली भाषा, त्यात हजार माणसांदेखत त्यांनी सांगितलं, की मी जाळला.

“कबूल केलं!” झाडावरून कुणीतरी ओरडलं. “मास्तरनं कबूल केलं!”

“अन् साहेबानं हात मिळवून सोडला! दोघंबी इंग्रजीवाले!”

खोलीवर येताना आमच्यामागे दगड आले. मी चिडून म्हणालो, “अहो, हात खिशात ठेवता आला नाही?” तर ते हताश हसले. “हात बांधून मला इंग्रजी येत नाही हो.”

चेअरमनच्या खिशातला कागद खिशातच राहिला, मग चुलीत गेला. शाळेतून मास्तरांचं नाव कमी झालं. पोरांच्या घरच्यांनी पोरं आवरली. पाणक्या आमच्या दारावरून बैल पळवत नेई. तिकडच्या शाळेने दिवाळीपर्यंत वाट पाहून दुसरा माणूस घेतला.

मी हार मानणारा नव्हे. मी बाजारात ओट्यावर उभा राहिलो आणि दगडी भिंत फुटेल अशा आवाजात गावाला खरी हकिकत सांगितली. पण माझी पंचाईत तुम्हांला आतापर्यंत कळलीच असेल. माझ्या बोलण्यातलं निम्मं लोक ऐकायच्या आधीच वजा करतात. उरलेल्या निम्म्यावर एक जण म्हणाला, “बरं, मास्तरनं नाही जाळला. मंग तुळशीरामनंच जाळला न?”

“हाव! मंग तोच!” पाचपन्नास गळे. कुणाची तरी मान त्यांना हवी होती. इंजिनाकडे बघायची कुणाची छाती नव्हती.

हे मी खोलीवर येऊन सांगितलं तेव्हा मास्तर खाटेवरून उठले, दार लावलं आणि म्हणाले, “ड्रिलमास्तर, उद्यापासून तुम्ही गप्प बसायचं. मी सुटलो की तो अडकतो. समजलं? एक शब्द नाही.”

“आणि तुम्ही? कुठे जाल, काय सांगाल?”

“मी शिकलेला आहे,” ते म्हणाले. “मला दुसरं गाव आहे. त्याला हेच आहे.” मुलीचं बाजलं त्यांनी ट्रंकेत सगळ्यांत खाली ठेवलं.

त्यांना मलकापूरच्या स्टेशनापर्यंत न्यायला गावात गाडी मिळेना. मी दारोदार फिरलो. शेवटी पहाटे दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तुळशीराम. धाडहून मेव्हण्याची गाडी मागून आणली होती.

“बसा गुरुजी,” एवढंच म्हणाला. मीही मागे चढलो.

बुलढाण्याला मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही राजूरचा घाट उतरलो. वाटभर तुळशीराम काहीतरी जिभेवर घोळवत होता. घाट संपला आणि सपाट रस्ता लागला, तसा बैलांकडे तोंड ठेवूनच बोलला.

“गुरुजी, गुस्सा नोका येऊ देऊ. एक बोलू?”

“बोल.”

“तुमी जाळला तं जाळला. माणसाचं डोस्कं कधी कधी फिरते. मालकानं लय तरास देल्ला तुमाले, मले मालूम हाय. पन दुसरा कोनी असता तं मले लटकू देल्लं असतं. तुमी साहेबासमोर सोताचं नाव घेतलं. माही बायको रोज तुमच्या नावानं दिवा लावते.”

मी तोंड उघडलं. मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून घट्ट दाबला. गाडी खडखडत राहिली. शेवटी मास्तर म्हणाले, “बायकोला माझा नमस्कार सांग.”

ते कुठे गेले, पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. घरी पोचले का, मुलीने ओळखलं का, हेही नाही. एरवी मी न पाहिलेल्या गोष्टी रंगवून सांगतो. या एका माणसाच्या बाबतीत मी जे पाहिलं तिथेच थांबतो, आणि मी पाहिलं ते मलकापूरचं स्टेशन.

हंगामाचे दिवस होते. प्लॅटफॉर्मवर कापसाच्या गाठी रचलेल्या, पुरुषभर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बसायला दुसरी जागाच नव्हती. मास्तर ट्रंकेवर टेकले, चारी बाजूंनी कापूस. ते पाहून तुळशीरामाचा चेहरा बदलला. मी त्याला म्हटलं, “तू नीघ आता, बैल उपाशी आहेत.” तो हलेना. मास्तरांच्या समोर, जरा अंतरावर, तो काठी आडवी घेऊन उकिडवा बसला आणि त्यांच्या हातांवर नजर ठेवून राहिला. राग नव्हता त्या नजरेत. तापातल्या पोराजवळ माणूस बसतो, तसा बसला होता. पुन्हा त्यांचं डोकं फिरू नये, पुन्हा त्यांच्या हातून काही होऊ नये, म्हणून.

मास्तरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, तळवे वर करून, तुळशीरामाला नीट दिसतील असे. आणि गाडी येईपर्यंत ते हलवले नाहीत. नाकावर माशी बसली तरी नाही.

गाडी आली आणि गेली. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत तुळशीराम उभा होता. मग तो गाठींच्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, जागोजागी वाकून कापसाचा वास घेत. धूर कुठेच नव्हता. परत आला, काठी बाजूला ठेवली, आणि मग डोक्याचं मुंडासं तोंडात कोंबून हुंदके देऊन रडला.